हजाराच्या आतलं संगीत

दीड वर्षापूर्वी मी ऑफिसात कोडची एक ओळ लिहिली. आमचं ॲप लोकांना वस्तू सुचवतं. कुठल्या वस्तू सुचवायच्याच नाहीत, हे ठरवायला एक आकडा हवा होता. मी टाकला: गेल्या 90 दिवसांत 50 पेक्षा कमी लोकांनी उघडलेली वस्तू यादीतून बाद. सर्व्हरचा खर्च उतरला, मॉडेलचे आकडे सुधारले, अप्रेझलमध्ये माझं कौतुक झालं. त्या 50 च्या आत नेमकं काय होतं, हे मी उघडून पाहिलं नाही. आमच्या भाषेत त्याला 'नॉइज' म्हणतात.

गंमत अशी, की ती ओळ लिहिताना माझ्या कानात जे वाजत होतं त्यालाही माझा रूममेट नॉइजच म्हणतो. सिडनीच्या 'गी टी' या बँडचा 2023 चा अल्बम, 'गुडनाइट निअँडरथल'. गिटार पत्र्याच्या डब्यात बसून वाजवल्यासारखी, गाणाऱ्याचा आवाज नाकातून, आणि रंगात येतंय म्हणेपर्यंत गाणं संपलेलं. रूममेट म्हणाला, "फाइल करप्ट आहे का रे?"

फाइल करप्ट नाही. ती तशीच आहे, आणि तशी असण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. माझं भांडण या हक्कासाठी आहे.

ज्यांना गॅरेज पंक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या गावोगावच्या पोरांनी घरच्या गॅरेजमध्ये, स्वस्तातल्या ॲम्प्लिफायरवर रॉक अँड रोल बडवायला सुरुवात केली. टाकोमा शहरातल्या 'द सॉनिक्स'सारखे बँड इतके कर्कश वाजवायचे, की रेकॉर्डिंगमध्ये आवाज फाटायचा, आणि तो फाटलेलाच ठेवला जायचा. यातली काही गाणी गाजली, बरीच विसरली गेली. 1972 मध्ये लेनी के याने त्यांतली काही वेचून 'नगेट्स' नावाचा संग्रह काढला आणि पुढच्या पिढीच्या पंकवाल्यांना पूर्वज मिळाले.

मग 1976 साल. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या 'द सेंट्स'ला कुठलीही कंपनी विचारत नव्हती. त्यांनी आपलं पहिलं सिंगल स्वतःच्याच लेबलवर छापलं. प्रती 500. त्यातल्या काही पाकिटात घालून परदेशी धाडल्या. पुढच्याच वर्षी, जानेवारी 1977 मध्ये मँचेस्टरच्या 'बझकॉक्स'नी घरच्यांकडून आणि मित्रांकडून 500 पौंड उसने घेऊन 'स्पायरल स्क्रॅच' काढलं. चार गाणी. मुखपृष्ठाच्या मागे त्यांनी प्रत्येक गाण्याचा कितवा टेक वापरला आणि किती ओव्हरडब केले, हेही छापलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते गिटहबवरच्या रीडमी फाइलसारखं वाटलं. आम्ही असं केलं, यात जादू काही नाही, तुम्हीही करा.

'स्वतः करा' या शब्दांचा अर्थ एवढाच आहे. परवानगी मागायची नाही आणि कृती लपवायची नाही.

आता आजचं बघा. 'आर.एम.एफ.सी.' हा बँड म्हणजे मुळात न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावरच्या उलाडुला गावातला एक शाळकरी मुलगा, बझ क्लॅटवर्दी. घरात एकट्यानं रेकॉर्ड करता करता तो 2023 मध्ये 'क्लब हिट्स' या अल्बमपर्यंत आला. ते ऐकताना बारा तारांची गिटार शिवणयंत्राच्या टाक्यांसारखी पळते. त्याच वर्षी सिडनीच्या इश्का एडमीड्सनं 'टी व्ही रिपेअरमन' या नावानं 'व्हॉट्स ऑन टीव्ही?' काढला. हाच माणूस आणखी तीन-चार बँडमध्ये वाजवतो आणि छोटं लेबलही चालवतो. अमेरिकेत नॅशव्हिलच्या 'स्नूपर'ची सुरुवात घरगुती रेकॉर्डिंगनं झाली. गायिका ब्लेअर ट्रॅमेल प्राथमिक शाळेत शिकवायची, त्यामुळे मंचावर कागदाच्या लगद्याच्या अवाढव्य बाहुल्या येतात. त्यांचा 'सुपर स्नूपर' 14 गाण्यांचा आहे आणि हिंजवडीच्या एका सिग्नलला अडकलात तर संपून जाईल. बार्सिलोनाचा 'प्रिझन अफेअर' तर आपल्या रेकॉर्डना नाव देण्याचीही तसदी घेत नाही: डेमो एक, डेमो दोन, डेमो तीन.

अशा रेकॉर्ड दर आठवड्याला निघतात. यातलं तुम्हाला किती सुचवलं गेलं? मलाही नाही.

2024 पासून स्पॉटिफायचा नियम आहे: मागच्या 12 महिन्यांत किमान 1,000 वेळा न वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी नाही. कंपनीचं म्हणणं असं, की अशा गाण्यांना महिन्याला सरासरी तीन सेंट मिळायचे आणि तेही बहुतेकदा कलाकाराच्या हातात पडायचे नाहीत. ते वाचलेले पैसे आता हजाराच्या वरच्यांत वाटले जातात. हिशेब चोख आहे. मी असाच हिशेब केला होता, म्हणून मला तो नीट कळतो. तीन सेंटांनी कुणी श्रीमंत होत नव्हतं, हे खरं. पण 999 वेळा ऐकलेलं गाणं आणि शून्य वेळा ऐकलेलं गाणं व्यवस्थेनं एकाच खान्यात टाकलं, हेही खरं. कुणीतरी ते 999 वेळा लावलं होतं. कदाचित एकाच मुलीनं दोनशे वेळा लावलं असेल, कारण तिचा तो महिना वाईट चालला होता. हिशेबात तिला जागा नाही.

माझे टीममधले मित्र म्हणतात, "चांगलं असेल तर वर येतंच." हे वाक्य आपल्या पिढीचं 'देव आहे' आहे. तपासायचं नाही, फक्त म्हणायचं. 'द सेंट्स'चं सिंगल वर आलं, कारण लंडनच्या एका साप्ताहिकात कुणीतरी पाकीट फोडलं, तबकडी लावली आणि खुर्चीतून उडालं. माझ्या 50 च्या आकड्यानं ते पाकीट टपालखात्यातच थांबवलं असतं.

पण या युक्तिवादावर मला जिंकायचं नाही. कारण त्यात छुपी कबुली आहे, की लहान गोष्ट उद्या मोठी होणार असेल तरच तिला आज जपायचं. यातले बहुतेक बँड कधीच मोठे होणार नाहीत. व्हायचंही नाही. मेम्फिसचं 'गोनर रेकॉर्ड्स' 1993 मध्ये 'ऑब्लिव्हियन्स'च्या एरिक फ्रीडलनं सुरू केलं. 2004 मध्ये त्याचं दुकान झालं, पुढच्या वर्षीपासून 'गोनरफेस्ट' भरू लागला. तीसेक वर्षांत त्याचं साम्राज्य झालं नाही. आमच्या क्षेत्रात याला अपयश म्हणतील. 'स्केल' झालं नाही ना! कोपऱ्यावरच्या चहावाल्याला मात्र हे कुणी विचारत नाही. तिथं फक्त चहा कसा आहे ते बघतात.

आता उलट बाजूचा दगड मीच मारतो. यातलं बरंचसं संगीत सुमार आहे. 'एग पंक' म्हणतात त्या प्रकाराचा तर आता साचा झालाय: किरकिरी गिटार, ड्रम मशीन, वेग वाढवून चिरका केलेला आवाज, मुखपृष्ठावर वहीच्या मागच्या पानावरचं चित्र. इंडियानाच्या 'कोनहेड्स'नी 2015 मध्येच अल्बमला असं लांबलचक नाव दिलं, की त्यातच आरोप होता: आम्ही 'डेव्हो'ची नक्कल करून इंटरनेटवरच्या भोळ्या पंक पोरांकडून पैसे उकळतोय. पुढच्या कित्येक बँडनी तो विनोद गंभीरपणे घेतला.

मान्य. पण हे आपल्याला नवीन आहे का? 1950 च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे यांच्या गोतावळ्यातून 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइलवर निघालं. साठच्या दशकात 'असो', 'वाचा', 'फक्त', 'येरू' आली. त्यातल्या सगळ्या कविता थोर होत्या, असा दावा कुणी करणार नाही. शाई फुटलेली, अंक कधी येईल याचा नेम नाही. तरी आज तुम्ही मोबाइलवर ज्या मराठीत वाचताय, तिला त्या फुटक्या शाईनं जागा करून दिली. सुमार लिहिण्याची मोकळीक नसती, तर चांगलं लिहिणाऱ्यांनाही संपादकाच्या दारात टोपी काढून उभं राहावं लागलं असतं.

आणखी एक ढोंग आपलं आहे. अभ्यासाला, झोपायला आपण 'लो-फाय' प्लेलिस्ट लावतो. त्यात प्लगइननं टाकलेली तबकडीची खरखर असते, ती गोड लागते. आणि खरोखर स्वस्त मायक्रोफोनवर, शेजारी ओरडायच्या आत उरकलेलं गाणं लागलं, की फाइल करप्ट! गरिबीचा फिल्टर चालतो, गरीब रेकॉर्डिंग चालत नाही.

कुणी म्हणेल, मग बँडकॅम्पवर जा. जातोच मी. डिजिटल विक्रीत ते 15 टक्के घेतात, उरलेलं बरंचसं बँडला जातं. पण तेही घर नव्हे. 2022 मध्ये ती कंपनी 'एपिक गेम्स'नं घेतली, 2023 मध्ये 'साँगट्रेडर'ला विकली, आणि त्या व्यवहारात जवळपास निम्मे कर्मचारी बाहेर पडले. म्हणून मी आवडलेली फाइल उतरवून हार्ड डिस्कवर ठेवतो आणि पेन ड्राइव्हवर वाटतो, बँडचा पत्ता सांगून. कॅसेट मागवायचा मोह होतो, पण ऑस्ट्रेलियाहून पुण्यापर्यंतचं टपाल कॅसेटपेक्षा महाग पडतं.

माझ्या त्या ओळीचं काय झालं? गेल्या महिन्यात मी मीटिंगमध्ये सुचवलं, की यादीतल्या दहा जागांपैकी एक 50 च्या आतल्यांसाठी ठेवू. मॅनेजर हसून म्हणाले, "बिझनेस केस काय?" माझ्याकडे नव्हती. ओळ अजून तिथंच आहे, माझा पगारही. हात झटकून नामानिराळा होण्याची सोय मला नाही.

पण ऑफिसातून निघाल्यावर मी काय ऐकायचं, हे अजून माझ्या हातात आहे. तुमच्याही. या आठवड्यात हजाराच्या आतलं एक रेकॉर्ड शोधा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका, वीस मिनिटंच लागतील. आवडलं तर एका पिझ्झाचे पैसे द्या. नाही आवडलं तर का नाही आवडलं, ते मित्राशी भांडून सांगा. आणि 'याहून बरं मी केलं असतं' असं वाटलं, तर खिशातल्या फोनमध्ये रेकॉर्डर आहे. तो ज्या यंत्रांवर हे सगळं सुरू झालं त्यांच्यापेक्षा बरा आहे.

रूममेटनं गेल्या शनिवारी माझी गिटार मागून घेतली. त्याला दोनच कॉर्ड येतात. दार लावून काहीतरी बडवत होता. मी विचारलं नाही.