पडदा वाचवायचा तर पाणी बदला

“पोटाचं डायलिसिस नको, त्यातलं पाणी आतलं अस्तर खाऊन टाकतं,” असा सल्ला किडनीच्या रुग्णांना सर्रास मिळतो. शेजारीपाजारी देतात, क्वचित डॉक्टरही देतात. त्यात अर्धं सत्य आहे, म्हणून तो जास्त घातक आहे.

खरं आहे ते आधी मान्य करू. पोटातल्या पडद्यावर, म्हणजे पेरिटोनियमवर, पेशींचा एकच नाजूक थर असतो. निरोगी माणसाच्या रक्तात साखर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या आसपास. पोटात सोडायच्या डायलिसिसच्या पाण्याच्या सर्वांत सौम्य पिशवीत ती तेरा-चौदा पट, सर्वांत कडक पिशवीत अडतीस पट. निर्जंतुक करायला पिशवी तापवतात तेव्हा, पाक करपावा तशी, यातली थोडी साखर मोडते आणि मिथाइलग्लायॉक्साल, फॉर्माल्डिहाइड अशी द्रव्यं तयार होतात. ती कमी व्हावीत म्हणून पाणी आम्लधर्मी ठेवतात. रक्ताचा पीएच ७.४, याचा ५.५ च्या जवळपास. पाणी आत घेताना काहींच्या पोटात दुखतं, त्यामागे बऱ्याचदा हेच आम्ल असतं. वर्षानुवर्षं असं चाललं की पेशी गळतात, खाली तंतू साचतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात. मग पाणी ओढणारी साखर भराभर शोषली जाते आणि अंगातलं पाणी निघेनासं होतं.

कार्डिफच्या संशोधकांनी २००२ मध्ये पडद्याचे तुकडे तपासून मापं दिली. पेशींखालचा थर निरोगी माणसात ५० मायक्रॉन, पोटाच्या डायलिसिसवर २७०, आठ वर्षांनंतर ७००. विरोधक इथेच थांबतात. त्याच अभ्यासात, डायलिसिस सुरूही न झालेल्या किडनीरुग्णांत हा थर १४० होता आणि रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रावरच्या रुग्णांत १५०. म्हणजे या नासाडीला सुरुवात आजारच करतो. पुढची भर मुख्यतः साखरेची आणि तापवण्याची, आणि या दोन्हींवर इलाज आहे.

दोन कप्प्यांच्या पिशवीत साखर वेगळी, जास्त आम्लात तापवतात आणि वापरण्याआधी दोन्ही पाणी एकत्र करतात. विषारी द्रव्यं खूप कमी होतात, पीएच रक्ताजवळ येतो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि सिंगापूरमधल्या अशा पिशव्यांच्या चाचणीत, २०१२ मध्ये, किडनीची उतरण मंदावल्याचं सिद्ध झालं नाही. पण लघवी बंद पडायला जास्त काळ लागला. ज्याला दिवसाला ग्लासभर लघवी होते, त्याला कडक पिशवी कमी लागते. रात्रभराच्या पाण्यासाठी साखरेऐवजी आयकोडेक्स्ट्रिन वापरता येतं. मात्र इन्सुलिन घेणाऱ्यांनी आपलं ग्लुकोमीटर त्याला चालतं का, हे विचारून घ्यावंच. काही यंत्रं साखर खोटी वाढलेली दाखवतात आणि इन्सुलिनचा जादा डोस जिवावर बेततो.

घरातही काम आहे. लोणचं-पापड बंद केले तर तहान कमी लागते, सूज कमी येते, कडक पिशवी रोज लटकवावी लागत नाही. यंत्राच्या डायलिसिससाठी तालुक्याच्या केंद्रात आठवड्यातून तीनदा जाणं ज्याला झेपत नाही, त्याला पोटाचं डायलिसिस नाकारू नका. सरकारी योजनेतून त्याला दोन कप्प्यांची पिशवी द्या.