यंदा माझी पैज रसेलवर

गेल्या मोसमात लँडो नॉरिसने मॅक्स व्हर्स्टॅपेनला अवघ्या दोन गुणांनी मागे टाकून फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद पटकावलं: 423 विरुद्ध 421. पण मार्च 2026 मध्ये मेलबर्नला शर्यत सुटेल, तेव्हा तो हिशेब रद्दीत गेलेला असेल. कारण नियम बदललेत, गाडीच नवी आहे. विजेच्या मोटरची ताकद 120 किलोवॅटवरून थेट 350 वर गेली. जवळपास निम्मा जोर आता बॅटरीचा. मी पडलो गॅरेजवाला. मला दिसतं ते एवढंच, की लांब सरळ रस्त्याच्या टोकाला ज्याची बॅटरी आटली, त्याला मागचा गाठणार. नुसता पाय दाबून भागणार नाही, डोकंही थंड हवं. व्हर्स्टॅपेनकडे ते आहे. पण त्याचा संघ रेड बुल प्रथमच स्वतःचं इंजिन बांधतंय, फोर्डच्या साथीने. ऑडी आणि कॅडिलॅक तर नवखेच. फेरारीत हॅमिल्टनला पहिल्या वर्षी एकाही ग्रां प्रीत पहिल्या तिघांत येता आलं नाही. 2014 मध्ये इंजिनाचे नियम असेच बदलले, तेव्हा मर्सिडीजने सलग आठ वर्षं संघांचं विजेतेपद कुणाला दिलं नाही. म्हणून माझं मत मर्सिडीजच्या जॉर्ज रसेलला. नॉरिसच्या चाहत्यांनी रागावू नये. त्याच्या मॅक्लारेनमध्येही इंजिन मर्सिडीजचंच आहे.