तक्रार ‘निकाली’ निघाली, पण सुटली का?

सप्टेंबर २०२४ मध्ये कलबुर्गीत एका तरुण ग्राहकाने ओला इलेक्ट्रिकच्या दालनालाच आग लावली. नुकतीच घेतलेली स्कूटर सतत बिघडत होती आणि दालनात वारंवार खेटे घालूनही कोणी दाद देत नव्हते, असे त्याचे म्हणणे होते. जाळपोळ हा गुन्हा आहे. त्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण पुढच्याच महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बेंगळुरूच्या या कंपनीला कारणे दाखवा नोटीस बजावली, तेव्हा त्या तरुणाच्या मागे किती मोठी रांग होती हे समजले. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या काळात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे कंपनीविरुद्ध १०,६४४ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. त्यांपैकी ९९.१ टक्के तक्रारींचे निवारण केले आहे, असे उत्तर कंपनीने दिले. प्राधिकरणाचे त्याने समाधान झाले नाही आणि प्रकरण चौकशीकडे गेले.

हा ९९.१ चा आकडा वाचून मला माझी नोकरी आठवली.

तीसेक वर्षांपूर्वी नागरिकांशी रोजचा संबंध येणाऱ्या एका जिल्हा कार्यालयाची जबाबदारी माझ्याकडे आली. मासिक आढाव्यात आमचे तक्रारनिवारण शेकडा पंचाण्णवच्या खाली कधी येत नसे. तरीही खिडकीसमोर तीच माणसे तेच कागद घेऊन पुन्हा पुन्हा उभी दिसत. खिडकीवरच्या लिपिकाला एकदा बाजूला घेऊन कारण विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “साहेब, चूक झाली असं लिहिलं तर खुलासा मला द्यावा लागतो. ‘नियमानुसार कळविण्यात आले’ असं लिहिलं की प्रकरण बंद होतं.” तो आळशी नव्हता आणि लाचखोरही नव्हता. कार्यालयाने त्याला जे शिकवले होते, तेच तो इमानाने करत होता. सरकारी भाषेत तक्रार ‘निकाली काढणे’ आणि तक्रार सुटणे या दोन क्रियांमध्ये जे अंतर आहे, ते त्या दिवशी मला उमगले.

खासगी उद्योगाने आमच्याकडून फारसे काही घेतले नाही, असा समज आहे. हा शब्द मात्र त्याने जसाच्या तसा उचललेला दिसतो.

मला एका कंपनीवर खापर फोडायचे नाही. ओला इलेक्ट्रिकने पुढे आपले जाळे वाढवले आणि डिसेंबर २०२४ मध्ये दालनांची संख्या चार हजारांवर नेल्याचे व त्यांना सेवेची जोड दिल्याचे जाहीर केले. प्रश्न त्याआधीच्या एका प्रसंगाचा आहे. ऑक्टोबरमध्ये एका विनोदी कलाकाराने दालनाबाहेर धूळ खात पडलेल्या स्कूटरींचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकले, तेव्हा कंपनीच्या प्रमुखांनी त्याच्या फसलेल्या कारकिर्दीवर टोमणा मारणारे उत्तर दिले. ते उत्तर देशभर वाचले गेले आणि अर्थातच त्यांच्याच सेवा केंद्रांतील कर्मचाऱ्यांनीही वाचले असणार. तक्रार करणाऱ्याशी कसे बोलावे, याचा धडा कोणत्याही संस्थेत वरूनच खाली येतो. प्रशिक्षणवर्ग नंतर कितीही घ्या.

ग्राहक कंपनीला कधीच भेटत नाही. तो भेटतो तिच्या शेवटच्या पायरीवरच्या माणसाला. त्या माणसाला चूक मान्य करण्याचा आणि ती तिथल्या तिथे दुरुस्त करण्याचा अधिकार नसेल, तर त्याच्याकडे ग्राहकाला देण्यासारखे गोड शब्दांपलीकडे काहीही उरत नाही. नेतृत्व आणि ग्राहकाचा विश्वास हे व्यवस्थापनाच्या पुस्तकांत दोन वेगवेगळ्या प्रकरणांचे विषय असतात. माझ्या मते ते एकच प्रकरण आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला इथे हुंडीची आठवण होते. पुण्याच्या सावकाराने लिहून दिलेली दर्शनी हुंडी शेकडो कोसांवर काशीत वटत असे, ती केवळ सावकाराच्या नावलौकिकामुळे नव्हे. काशीच्या पेढीवर बसलेला गुमास्ता कागद पाहताच पैसे मोजून देई, म्हणून. दर वेळी पुण्याला विचारून ठरवायचे म्हटले असते तर उत्तर येईपर्यंत आठवडे गेले असते आणि दर्शनी या शब्दाला अर्थच उरला नसता. सावकाराचा गुमास्त्यावर विश्वास होता, म्हणून यात्रेकरूचा सावकारावर विश्वास बसला.

आज मी जिथे राहतो त्या बेंगळुरूत याचे त्याहून जवळचे उदाहरण आहे. लालबाग रस्त्यावरच्या ‘एमटीआर’समोर रविवारी सकाळी जी रांग लागते, त्या रांगेत मीही अनेकदा उभा राहिलो आहे. मैया बंधूंनी १९२४ मध्ये सुरू केलेले हे उपाहारगृह. यज्ञनारायण मैया १९५१ मध्ये युरोपातील उपाहारगृहे पाहून आले आणि स्वच्छतेबाबत विलक्षण कडक झाले. पुढे इथे एक प्रथा पडली: ग्राहकाने स्वयंपाकघरातून चालत जाऊन मग टेबलाशी बसायचे. ही प्रथा ग्राहकासाठी होती, असे सगळे सांगतात. मला ती आचाऱ्यांसाठी अधिक महत्त्वाची वाटते. दिवसभर अनोळखी माणसे आपल्या पाठीमागून जाणार आहेत हे ज्याला ठाऊक आहे, अशा आचाऱ्यावर पर्यवेक्षक बसवावा लागत नाही. आणि आपले काम दाखवण्याजोगे आहे असे मालक मानतो, हेही त्याला रोज दिसत राहते.

खरी कसोटी आणीबाणीत लागली. खाद्यपदार्थांचे दर सरकारने इतके खाली बांधून दिले की त्या दरात चांगल्या प्रतीचा पदार्थ देणे परवडेना. अशा वेळी व्यापाऱ्यापुढे नेहमीचे मार्ग असतात. तुपाऐवजी काहीतरी दुसरे वापरावे, इडलीचा आकार कमी करावा किंवा नोकर कमी करावेत. एमटीआरने दर पाळले, प्रत उतरू दिली नाही आणि रोज किती तोटा होतो आहे ते फलकावर लिहून उपाहारगृहापुढे लावले. तोटा असह्य झाला तेव्हा उपाहारगृह बंद केले. पण कामगारांना घरी पाठवले नाही. त्यांच्या हातांना काम राहावे म्हणून रवा इडलीसारख्या पदार्थांची तयार पिठे बांधून विकण्याचा उद्योग पुढे आणला. उपाहारगृह १९८४ मध्ये पुन्हा उघडले. तोवर पाकिटांचा धंदा इतका वाढला होता की पुढे तो स्वतंत्र कंपनी झाला आणि २००७ मध्ये नॉर्वेच्या ऑर्कला समूहाने तो विकत घेतला.

दर बांधून देणाऱ्या व्यवस्थेचा मी पुढे स्वतः भाग झालो, म्हणून हा फलक मला अस्वस्थ करतो. शासनाने किंमत ठरवली. प्रत ठरवणे शासनाच्या हाती नव्हते. ती आचाऱ्याच्या हाती होती आणि आचाऱ्याची नोकरी मालकाच्या. यातील कोणताही दुवा तुटला असता तर सरकारी दर शब्दशः पाळला जाऊनही ग्राहक फसलाच असता.

असाच अनुभव सोन्याच्या बाबतीत आहे. टाटा समूह आणि तमिळनाडूचे औद्योगिक विकास महामंडळ यांनी १९८४ मध्ये उभी केलेली टायटन ही कंपनी. तिचा कारखाना होसूरला, मुख्यालय बेंगळुरूत. घड्याळांनंतर झर्क्सेस देसाई यांनी तिला दागिन्यांकडे वळवले, तेव्हा ‘तनिष्क’चा सुरुवातीचा काळ कठीण गेला, पिढ्यान्‌पिढ्यांचा सराफ सोडून लोक दुकानात येईनात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तनिष्कने दालनांत कॅरटमीटर ठेवले. क्ष-किरणांनी सोन्याची शुद्धता मोजणारे हे यंत्र. कोणीही यावे आणि आपला दागिना तपासून घ्यावा. बावीस कॅरट म्हणून घेतलेले सोने त्याहून हलके निघाल्याचे अनेकांनी तिथे प्रथमच पाहिले. हा मात्र मोजमापाचा भाग झाला. त्याच कंपनीने होसूरला कारागिरांसाठी कारागीर पार्क उभे केले, हे कमी जणांना ठाऊक असते. अंधाऱ्या, धुराने भरलेल्या खोलीत मांडी घालून काम करणाऱ्या माणसाला उजेड, हवा आणि बसायला धड जागा देणे हेही शुद्धतेच्या हमीचेच अंग आहे, असे कोणाला तरी वाटले होते.

सरकारचे हॉलमार्किंग २००० मध्ये ऐच्छिक म्हणून आले आणि १६ जून २०२१ पासून, प्रथम २५६ जिल्ह्यांत, सक्तीचे झाले. सरकारी शिक्क्याने धातूची हमी मिळाली, हे मोठेच काम. सेवेवर मात्र असा शिक्का उमटवता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरचे धुलाई यंत्र बंद पडले. कंपनीच्या गणवेशात आलेला तंत्रज्ञ प्रत्यक्षात ठेकेदाराचा माणूस होता. सुटा भाग नसल्याने दुरुस्ती अर्धवट राहिली, पण निघताना तो संकोचाने म्हणाला, “सर, पाच तारे द्या. चार दिले तरी माझे पैसे कापतात.” मी दिले. म्हणजे त्या कंपनीच्या नोंदीत मीही आज एक पूर्ण समाधानी ग्राहक आहे. कलबुर्गीच्या तरुणाने टोकाचा मार्ग धरला, मी सभ्यपणे खोटे बोललो. खरी माहिती वर पोहोचवण्याच्या बाबतीत आम्ही दोघेही निरुपयोगी ठरलो.

धोरण म्हणून काय करता येईल? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चांगला आहे. सदोष उत्पादनाची जबाबदारी त्याने स्पष्ट केली आणि चाचणीची गरज नसलेल्या तक्रारी तीन महिन्यांत निकालात काढण्याची अपेक्षा घातली. कर्नाटकाने २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी कायदा करून प्रत्येक व्यवहारातील मोबदल्यावर एक ते पाच टक्के कल्याण शुल्क बसवले आणि काम बंद करण्यापूर्वी कारणासह चौदा दिवसांची पूर्वसूचना अनिवार्य केली. हे स्वागतार्हच. पण माझ्याकडे आलेल्या तंत्रज्ञासारखा ठेकेदाराचा माणूस त्यात येतोच असे नाही.

माझी सूचना याहून लहान आहे. बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार दरवर्षी व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल द्यावा लागतो. त्यात किती कर्मचारी सोडून गेले याचे प्रमाण असते, पण ते कायम कर्मचाऱ्यांचे. ग्राहकांच्या तक्रारी किती आल्या आणि वर्षाअखेर किती प्रलंबित राहिल्या हेही असते, पण बंद केलेली तक्रार ग्राहकालाही सुटली असे वाटले का, हे नसते. या दोन जागा भरून काढाव्यात. ग्राहकासमोर उभ्या राहणाऱ्या कंत्राटी माणसांपैकी वर्षभरात किती बदलली आणि किती तक्रारी तक्रारदाराच्या संमतीने बंद झाल्या, एवढे दोन आकडे शेजारी शेजारी छापले जावेत. कंपन्या म्हणतील की अनुपालनाचा बोजा आधीच फार आहे. बोजा आहे हे मान्य. त्याच अहवालातील किमान अर्धे रकाने कोणीही वाचत नाही, ते आधी काढून टाकावेत. केंद्र सरकारने आपल्या तक्रार पोर्टलवरील मुदत २०२४ मध्ये तीस दिवसांवरून एकवीसवर आणली. मुदत कमी केल्याने निकाली काढण्याचा वेग वाढेल, याबद्दल मला शंका नाही.

त्या जिल्हा कार्यालयात मी तक्रार नोंदवहीत एक रकाना वाढवला होता: तक्रारदाराची सही. सोबत लेखी आदेश काढला की चूक मान्य करणाऱ्या लिपिकाकडून खुलासा मागितला जाणार नाही, तो मी देईन. पहिल्या तिमाहीत आमचे निवारण पंचाण्णव टक्क्यांवरून साठच्या आत आले आणि आढावा बैठकीत माझी चांगलीच हजेरी घेतली गेली. दुसऱ्या वर्षी खिडकीपुढची गर्दी कमी झाली. मग माझी बदली झाली. काही वर्षांनी त्या बाजूला जाणे झाले, तेव्हा कुतूहलाने नोंदवही मागवून पाहिली. वही नवी होती, छापील होती, आणि तो रकाना तीत नव्हता.