‘शास्त्री आणि परूशी’ : घरातला वाद परक्याच्या हाती

१/ मराठी बायबलच्या शुभवर्तमानांत येशूचे विरोधक म्हणून ‘शास्त्री आणि परूशी’ वारंवार भेटतात. मत्तयाचा २३ वा अध्याय तर त्यांच्यावरील कठोर टीकेनेच भरलेला आहे. या टीकेचा अर्थ चुकीचा लावल्याची किंमत गोव्याच्या भूमीवरही मोजली गेली आहे.

२/ ‘शास्त्री’ म्हणजे यहुदी नियमशास्त्राचा जाणकार. हा शब्द वाचताच मराठी मनाला कर्मठ पंडित आणि त्यांना जाब विचारणारे संत आठवतात. ही आठवण उपयोगी आहे. एकनाथ स्वतः पैठणचे ब्राह्मण होते. त्यांची टीका घरातली होती.

३/ येशूही यहुदी होता आणि त्याचे पहिले शिष्यही. वाद परंपरेच्या आतला होता. यशया, यिर्मया, आमोस या यहुदी संदेष्ट्यांनीही स्वजनांना असेच फटकारले होते.

४/ शिवाय ग्रंथातले सगळे परूशी एकाच साच्यातले नाहीत. लूक १३ मध्ये काही परूशी येशूला हेरोदापासून सावध करतात. मार्क १२ मध्ये येशू एका शास्त्र्याची प्रशंसा करतो. परूशी गमलियेल प्रेषितांचे प्राण वाचवतो. पौल तर स्वतःलाच परूशी म्हणवतो.

५/ मग मत्तयाचा स्वर इतका तीव्र का? इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे शुभवर्तमान त्यानंतरचे आहे. मंदिराविना परंपरेचा खरा वारस कोण, या झगड्याचा कडवटपणा त्यात उतरला आहे.

६/ पुढे चर्च यहुदी राहिले नाही. सत्ताधारी मात्र झाले. ‘ढोंगी परूशी’चा ‘ढोंगी यहुदी’ झाला.

७/ १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले. भारतीय औषधींवरील विख्यात ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापणारा वैद्य गार्सिया द ऑर्ता १५६८ मध्ये वारला. १५६९ मध्ये त्याची बहीण कातारिना हिला जाळण्यात आले. १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. आरोप एकच : गुप्तपणे यहुदी धर्म पाळणे.

८/ यामागे राजकारण होते, संपत्तीचा लोभही होता. परंतु शतकानुशतके प्रवचनांतून पोसलेल्या द्वेषाविना हे घडणे कठीण होते. येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुद्यांना देता येणार नाही, हे कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये औपचारिकरीत्या मान्य केले.

९/ म्हणून ती वचने गाळावीत का? नाही. गाळल्याने इतिहास पुसला जातो, समज वाढत नाही. टीका कोणी, कोणावर आणि कोणत्या घरात उभे राहून केली, हे आधी विचारावे. संतांच्या अभंगांनाही हाच नियम लागू आहे : आत्मपरीक्षणाचे शब्द दुसऱ्या समाजावर फेकले, की त्यांचा दगड होतो.