अंगठा बापाचा, हिस्सा पोरांचा, आईचे काय?



शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ केल्याबद्दल सरकारचे कौतुक अजून चालूच आहे. वाटणी स्वस्त झाली हे मान्य. पण त्या वाटणीत आईच्या पदरात काय पडले, हे विचारायला कुणाला सवड नाही. मुला-नातवंडांना शेती किंवा राहते घर बक्षीस द्यायला आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क आधीपासूनच अवघे 200 रुपये आहे. नवरा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळला की सातारा-सांगलीकडे भावकीचा पहिला सल्ला हाच असतो : शुद्ध आहे तोवर सगळे पोरांच्या नावावर करून टाका. दुय्यम निबंधकाला घरी बोलावून दस्त नोंदवण्याची कायद्यात सोय आहे. खाटेवरच शाईचा अंगठा उठतो, ‘नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी’ हे ठरीव वाक्य दस्तात असतेच. पुढची कित्येक वर्षे जिने त्या माणसाचे गूमूत काढायचे, तिच्या पोटापाण्याविषयी मात्र एक ओळ नसते. वडिलोपार्जित जमिनीची बाप-लेकांत वाटणी झाली तर आईला मुलाइतका हिस्सा, हे हिंदू कायद्याचे जुने तत्त्व. 200 रुपयांत तेही गुंडाळले जाते.

मुलावर एवढा अविश्वास कशाला, असे कुणी म्हणेल. जो सांभाळणारच आहे, त्याला सांभाळण्याची अट लिहून द्यायला जड का जावे? सोसायटीच्या पीककर्जासाठी सातबाऱ्यावर मुलाचे नाव लागते, हे खरे. पण आईचेही नाव चढले म्हणून त्याचे नाव अडत नाही. 1992 पासूनच्या लक्ष्मी मुक्ती योजनेत तर नवऱ्याच्या अर्जावर बायको सहहिस्सेदार होते. कुणी 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याकडे, न सांभाळल्यास दस्त रद्द करणाऱ्या त्यातल्या कलम 23 कडे बोट दाखवेल. मात्र सांभाळण्याच्या अटीवरच मालमत्ता दिली होती हे दाखवावे लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये सांगितले. 2 जानेवारी 2025 च्या निकालाने मध्य प्रदेशातल्या एका आईचे बक्षीसपत्र रद्द झाले, कारण मुलाचे वचनपत्र तिच्या हाती होते. शिवाय हा दस्त रद्द करून मागायचा पर्याय मुळात करून देणाऱ्याचा, आणि आपल्या उदाहरणात तोच अंथरुणाला खिळलेला!

सरकार सांभाळेल, ही आशाही फोल आहे. सत्तरीपुढच्यांचे 5 लाखांचे आयुष्मान कार्ड दवाखान्यात दाखल झाल्यावर कामाचे. घरी कूस बदलून देणाऱ्या बाईचा पगार त्यातून निघत नाही. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन महिना 1500 रुपये, तेही वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असेल तर. नावावर जमीन नसली की हा पगार लवकर बसतो, या समजुतीपायीही सातबारे मोकळे केले जातात. म्हणजे 1500 साठी एकरांवर पाणी! जिल्ह्यागणिक किमान 150 निराधार वृद्धांची सोय असलेला सरकारी वृद्धाश्रम त्याच 2007 च्या कायद्यात लिहिला आहे. सातारा-सांगलीच्या लोकप्रतिनिधींनी त्याचा हिशेब द्यावा.

फी माफ करणाऱ्या सरकारने एवढे करावे : आई-बाप दोघांच्या हयातीपर्यंत सांभाळ आणि घरात राहण्याचा पत्नीचा हक्क, ही अट नसलेले बक्षीसपत्र 200 रुपयांत नोंदवू नये, पूर्ण शुल्क घ्यावे. तोवर आया-बहिणींनी ही ओळ दस्तात लिहून घेतल्याशिवाय अंगठ्याला शाई लावू देऊ नये.

— एक वाचक, विटा (जि. सांगली)