आधी ब्लेड उसनं मागा

टेबल टेनिसच्या बॅटमध्ये रबराच्या आत जी लाकडी फळी असते तिला ब्लेड म्हणतात. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या गारगोटीत 'नवीन ब्लेड घ्यायचंय' म्हटलं की समोरचा आपल्या दाढीकडे बघतो :)

विषय निघाला मामेभावामुळे. पोरगं कॉलेजच्या टीममध्ये आहे आणि त्याला बटरफ्लायचं व्हिस्कारिया हवंय. "दादा, झांग जिके त्यानेच खेळायचा. मागवून दे ना!" आता झांग जिकेने २०१२ साली लंडनला ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं हे कबूल. पण या ब्लेडची किंमत म्हणजे मामांच्या घरचा महिन्या-दोन महिन्यांचा किराणा, आणि रबरांचे पैसे वेगळे. मामा नाही म्हणणार नाहीत, म्हणूनच मी म्हणतोय. पैशांसाठी नाही, ते ब्लेड त्याच्या खेळाला चालत नाही म्हणून.

थोडं तांत्रिक. नियमाप्रमाणे ब्लेडच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचाच लागतो. कार्बनसारख्या धाग्यांचा एक थर जाडीच्या ७.५ टक्के किंवा ०.३५ मिलिमीटर, यातलं जे कमी असेल त्याहून जास्त चालत नाही. म्हणजे कागदाएवढा थर! पण तेवढ्यानेही ब्लेड ताठ होतं आणि चेंडू लवकर सुटतो. व्हिस्कारियात हा थर वरच्या लाकडाच्या लगेच खाली आहे, त्यामुळे तो जास्तच जाणवतो. ज्याचा हात रोज तासन् तास घोटलेला आहे त्याला हा वेग वापरता येतो. आमचे चिरंजीव बॅकहँडला ब्लॉक आणि पुश करत वाट बघतात, आणि फोरहँडला सावकाश, भरपूर फिरकीचा टॉपस्पिन मारतात. अशा खेळाला चेंडू क्षणभर धरून ठेवणारं, पाच थरांचं निव्वळ लाकडी ब्लेड हवं. स्टिगाचं ऑलराउंड क्लासिक त्याच जातीचं.

यावर त्याचं उत्तर तयार असतं: "बॅटने मॅच जिंकता येते, दादा." येते की! आणि त्याचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्याच राज्यातला आहे. गारगोटीत मौनी विद्यापीठ सुरू झालं त्याच वर्षी, १९५२ साली, मुंबईत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला आणि एकेरीचं विजेतेपद घेऊन गेला. तेव्हा बाकीचे बिनस्पंजाच्या, दाण्यांच्या रबराने खेळायचे. फटक्याच्या आवाजावरून त्यांना वेगाचा अंदाज यायचा. सातोच्या बॅटचा आवाजच येईना! पण पुढे काय झालं? सातो पुन्हा कधी जगज्जेता झाला नाही, आणि १९५९ साली रबर-स्पंजाचे नियम ठरले, त्यात नुसता स्पंज बाद झाला. सातोचा फायदा होता तो समोरच्याने तसं काही पाहिलेलंच नव्हतं म्हणून. आज कार्बन कुणासाठी नवीन आहे? पैसे भरले की तेच ब्लेड समोरच्याच्याही घरी कुरियरने येतं.

मग निवडायचं कसं? आम्ही ऑफिसात करतो तसंच, एका वेळी एकच गोष्ट बदलून. दोन ब्लेडांवर एकाच जातीची, एकाच जाडीची, सारखीच वापरलेली रबरं लावा. नाहीतर नव्या रबराचं श्रेय ब्लेडला जातं. पार्टनर तोच, चेंडू तेच. सर्व्हिस परतवणं, ब्लॉक, टॉपस्पिन असे ठराविक फटके पन्नास-पन्नास वेळा मारा आणि टेबलावर किती पडले ते तिसऱ्याला वहीत लिहायला सांगा. ही वही फार महत्त्वाची. आम्ही दोन शनिवार हे केलं, त्यासाठी एका मित्राचं कार्बनचं ब्लेड आणलं होतं. मामेभावाला त्यातले सणसणीत गेलेले फटकेच आठवत होते; वहीत मात्र टेबलाबाहेर गेलेल्यांची रांग होती. सर्व्हिस परतवताना तर फारच.

आणखी एक. भुदरगडच्या पावसाळ्यात ही परीक्षा घेऊ नका. हवा दमट असली की रबरावर ओलावा बसतो, चेंडू घसरतो आणि दोष मात्र ब्लेडला मिळतो.

खरी अडचण वेगळीच आहे. गारगोटीत ब्लेड हातात घेऊन खेळून बघायचं कुठे? पुण्या-मुंबईच्या क्लबात दहा जणांकडे दहा ब्लेडं असतात, सहज मागून घेता येतात. आमच्याकडची पोरं फोटो बघून मागवतात, आणि एकदा रबर चिकटवलं की परत कोण घेणार? म्हणून माझं म्हणणं आहे की तालुक्याच्या गावातल्या कॉलेजांच्या जिमखान्यांनी तीन वेगवेगळी ब्लेडं ठेवावीत. एक संथ, एक मधलं, एक वेगवान, तिन्हीवर सारखीच रबरं. पोरांनी पंधरा-पंधरा दिवस नेऊन खेळावं आणि मग घरी पैसे मागावेत. तोवर निदान एकमेकांचं ब्लेड उसनं मागायला लाजू नये.

असो. मामेभाऊ सध्या माझ्यावर नाराज आहे. त्या वहीची शेवटची पानं त्यानेच भरलीत, तरी "सवय झाली की जमेल" म्हणतो. जमेलही. पण ती सवय आधी उसन्या ब्लेडवर करून बघायला काय हरकत आहे?