तीन बंदुकांचा हिशेब

व्हिएतनाममधल्या माय लाय गावात १६ मार्च १९६८ रोजी अमेरिकन लष्कराने केलेल्या कारवाईचा अहवाल वर गेला तो असा: शत्रूचे १२८ जण ठार, तीन बंदुका हस्तगत. बँकेत उभी हयात काढलेल्या माझ्यासारख्याची नजर असल्या आकड्यांवर अडखळते. माणसं १२८ आणि हत्यारं तीन? आमच्या शाखेत असं पान कुणा ऑडिटरपुढे आलं असतं, तर त्याने चहाचा कप बाजूला ठेवला असता. इथे मात्र सगळं मंजूर होत गेलं.

हा हिशेब का जुळत नव्हता, हे ह्यू थॉम्पसनने वरून पाहिलं होतं. वय २४, टेहळणीच्या लहानशा हेलिकॉप्टरचा वैमानिक. बरोबर ग्लेन अँड्रिओटा आणि लॉरेन्स कोलबर्न, दोघेही त्याच्याहून लहान. पायदळाच्या पुढे अगदी खालून उडायचं आणि शत्रूचा गोळीबार अंगावर ओढवून त्याची जागा हेरायची, हे त्यांचं काम. त्या सकाळी त्यांच्यावर कुणी गोळी झाडली नाही. खाली दिसत होती ती बायकांची, म्हाताऱ्यांची, पोरांची प्रेतं. जखमींना मदत मिळावी म्हणून त्यांनी हिरव्या धुराच्या खुणा टाकल्या. परतून पाहतात, तर खुणेजवळची माणसं मारलेली.

पाटाच्या चरीत माणसांचा खच पडला होता. थॉम्पसनने खाली उतरून लेफ्टनंट विल्यम कॅलीला जाब विचारला. उत्तर मिळालं, हुकूम आहे.

पुन्हा वर जातो तो आणखी काही गावकरी मातीच्या आसऱ्यात दडलेले दिसले आणि त्यांच्या दिशेने निघालेले आपलेच सैनिक. त्याने हेलिकॉप्टर दोघांच्या मधोमध उतरवलं. सोबत्यांना बजावलं, आपल्या लोकांनी यांच्यावर गोळी झाडली तर तुम्ही आपल्या लोकांवर झाडा. मग स्वतः पुढे होऊन हातवारे करत त्या भेदरलेल्या माणसांना बाहेर काढलं. आपल्या यंत्रात जागा नाही म्हणून रेडिओवरून मोठी हेलिकॉप्टरं बोलावून त्यांना हलवलं. नंतर अँड्रिओटाने चरीतल्या प्रेतांतून एक जिवंत पोर उचलून आणलं. ते इस्पितळात पोचवून थॉम्पसन तळावर परतला आणि त्याने असा काही गहजब केला, की कारवाई थांबवावी लागली. गावातल्या स्मारकावर आज ५०४ नावं आहेत.

पुढचा भाग पुन्हा कागदांचा. थॉम्पसनला शौर्यपदक मिळालं. मानपत्रात लिहिलं होतं, की दोन्हीकडच्या तुंबळ गोळीबारात सापडलेलं मूल त्याने वाचवलं. गोळीबार एकाच बाजूचा होता! तक्रार करणाऱ्याला दटावण्यापेक्षा शाबासकीचं पत्र देणं सोपं, ही युक्ती मी नोकरीतही पाहिली आहे. थॉम्पसनने ते पदक फेकून दिलं. त्याच एप्रिलमध्ये अँड्रिओटा युद्धात मारला गेला.

प्रकरण १९६९ साली फुटलं. थॉम्पसनने साक्ष दिली, तेव्हा संसदेच्या लष्करविषयक समितीचे अध्यक्ष मेंडेल रिव्हर्स म्हणाले, की शिक्षा व्हायला हवी ती यालाच. ठार मारण्याच्या धमक्या येत. दारात मेलेली जनावरं टाकलेली असत. दोषी ठरला तो एकटा कॅली. त्याची जन्मठेप साडेतीनेक वर्षांच्या, बहुतांशी घरातल्याच, कैदेवर आटोपली.

लष्कराने खरं मानपत्र लिहायला ३० वर्षं घेतली. आधी ते गाजावाजा न करता उरकायचा बेत होता. थॉम्पसन अडून बसला: सोबत्यांनाही द्या आणि चारचौघांत द्या. ६ मार्च १९९८ रोजी वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम स्मारकापाशी तिघांचाही सन्मान झाला. अँड्रिओटाचा अर्थातच मरणोत्तर.

त्याच महिन्यात थॉम्पसन आणि कोलबर्न माय लायला गेले. त्या दिवशी वाचलेल्या एका बाईने विचारलं, ज्यांनी गोळ्या घातल्या ते का नाही आले? आले असते तर आम्ही त्यांना क्षमा केली असती. थॉम्पसन पुढे व्याख्यानांत हे सांगे आणि म्हणे, तेवढं मोठं मन माझ्याकडे नाही, खोटं कशाला बोलू.

६ जानेवारी २००६ रोजी लुइझियानात कर्करोगाने तो गेला. कोलबर्न उशाशी होता.